विवेकशील ग्राहकाचा दाखला

महागावच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, एकोणतीस वर्षे काट्यावर उभ्या राहिलेल्या मनुष्यास जगातील कोणतीही वस्तू मोजता येते, अशी विठ्ठलराव गावंडे यांची दृढ श्रद्धा होती. कापूस मोजता येतो, सरकी मोजता येते, गठाण मोजता येते. मग मनुष्याचे समाधान तेवढे का मोजता येऊ नये? या एका प्रश्नापायी घरातील तूप, सहधर्मचारिणीचा मान आणि सख्ख्या व्याह्याची भूक यांचा कसा निकाल लागला, तो वृत्तांत येथे क्रमवार सांगावयाचा आहे.

सन दोन हजार पाचचा जानेवारी चालू होता. जिनाच्या फाटकाला त्या हंगामात कुलूपच होते, कारण सरकारी खरेदीचा कापूस दुसऱ्या जिनांकडे वळला होता. उलट खरेदी केंद्रापुढे बैलबंड्यांची जी रांग लागली होती, तिचे शेपूट कोठे संपते हे पाहण्यास गेलेला मनुष्य दुपारच्या जेवणास परतत नसे. काटा बंद, म्हणून विठ्ठलराव घरी. घरी बसलेला मनुष्य हाताला लागेल ते वाचतो, आणि त्यांच्या हाताला लागले ते धाकट्या कन्येचे बारावीचे अर्थशास्त्र. स्वतः विठ्ठलराव दहावीच्या दारातून दोनदा परतले होते. त्यामुळे पुस्तकाविषयी त्यांच्या मनात जो आदर होता, तो पुस्तक समजलेल्या मनुष्यात सहसा आढळत नाही.

कन्येचे नाव सुरभी. यवतमाळला जाऊन नर्सिंग शिकायचे, हा तिचा निश्चय. आणि बारावी हुकल्यास मामाने आणलेले स्थळ मुकाट पाहायचे, हा आईशी झालेला करार. मध्ये उभे होते अर्थशास्त्र. सराव परीक्षेत तिला त्यात शंभरपैकी अकरा गुण मिळाले होते, आणि त्यांतील दोन सुवाच्य अक्षराचे होते. दोष एकट्या तिचा म्हणता येणार नाही. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात ती जात असे (त्याचे नाव न सांगितलेले बरे), तेथे अर्थशास्त्राची जागा तीन वर्षे रिकामी होती. तासिका तत्त्वावरचे अतुल सर मराठी, अर्थशास्त्र आणि कवायत हे तिन्ही विषय एकाच शिट्टीवर शिकवीत. त्यांनी फर्मान काढले, की प्रत्येक विद्यार्थ्याने एकेक सिद्धांत खऱ्याखुऱ्या ग्राहकावर पडताळून त्याची वही शनिवारपर्यंत सादर करावी. वही नाही, तर परीक्षेचे हॉल तिकीट नाही.

सुरभीच्या वाट्यास घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आला.

"म्हंजे काय, बाबा?" तिने विचारले.

विठ्ठलरावांनी चष्मा पुसला. "म्हंजे एकच वस्तू माणूस लागोपाठ खात गेला, की दर नगाले त्याचं समाधान कमी होत जाते. पहिली पोळी गोड लागते, सातवी नाई लागत. एवढं सोपं हाय."

"मंग सर असं काहून नाई सांगत?"

"त्यायले तीन विषय हायेत, बेटा."

पुस्तकातील ग्राहक सफरचंदे खात होता. पहिल्याचे समाधान दहा, दुसऱ्याचे आठ, मग सहा, चार, दोन, शून्य. आणि सातव्याचे उणे दोन. सफरचंद महागावात तापाच्या रोग्यासच दाखवितात. म्हणून वस्तू ठरली पुरणपोळी. ग्राहक शोधण्याची गरजच पडली नाही. तो खरेदी केंद्राच्या रांगेत सहा दिवसांपासून बसून होता.

हे बळीरामजी. थोरल्या कन्येचे, म्हणजे उर्वशीचे, सासरे. पैनगंगेकाठच्या गावाहून ते कापूस घेऊन आले होते. बंडीत कापूस, कापसावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर व्याही, असा त्यांचा संसार रस्त्याच्या कडेला चालला होता. व्याह्याने तीन दगडांवर भाकर भाजावी आणि ते गावाने पाहावे, ही गोष्ट विमलताईंना, म्हणजे विठ्ठलरावांच्या पत्नीस, सहन होण्यासारखी नव्हती. म्हणून बळीरामजी दोन्ही वेळा गावंड्यांच्या घरी जेवीत आणि हात वाळण्यापूर्वी बंडीकडे धावत.

येथे एक जुनी गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. उर्वशीच्या लग्नात बळीरामजींच्या थोरल्या बंधूंनी पंगतीत 'पुरण सपक वाटते' एवढे तीन शब्द उच्चारले होते. त्या तीन शब्दांपायी दोन्ही घरांत दीड वर्ष निरोपसुद्धा चालला नाही. उर्वशी दोन दिवाळ्यांना माहेरी आली नाही. समेट झाला तेव्हा बळीरामजींनी देव्हाऱ्यापुढे शब्द दिला होता, की या घरच्या अन्नास त्यांच्या तोंडून कधी उणे येणार नाही. विठ्ठलरावांना ही गोष्ट ठाऊक होती. परंतु शास्त्र हाती आले की मनुष्य ठाऊक असलेल्या गोष्टीच प्रथम विसरतो.

मंगळवारी दुपारी पहिला प्रयोग मांडला. सुरभी वही घेऊन समोर बसली. विठ्ठलरावांनी शर्टाच्या बाह्या जिनातल्याप्रमाणे कोपरापर्यंत सारल्या.

"इवाई, दर पोळीमागं समाधान सांगाचं. दहापैकी."

"कोणाचं समाधान?"

"तुमचंच."

बळीरामजींनी पहिली पोळी संपविली. "दहा."

दुसरी. "दहा."

तिसरी. "दहा."

विठ्ठलरावांनी पुस्तकात पाहिले, मग व्याह्यांकडे पाहिले. "इवाई, इथं आठ लिहून हाय, मंग सहा."

"ते पुस्तकवाल्याच्या घरचं असन," बळीरामजी नम्रपणे म्हणाले. "आमच्या इनबाईच्या हातचं दहाच हाय."

स्वयंपाकघरातून विहीणबाईंच्या बांगड्यांचा प्रसन्न आवाज आला आणि चौथी पोळी, जिच्यावर तुपाचे तळे होते, ताटात उतरली. इतक्यात बाहेरून कोणी ओरडले, "अहो पाहुणे, रांग सरकली नं!" बळीरामजी पोळी हातात घेऊनच पळाले. रांग दोन बंड्यांइतकी पुढे गेली होती. सहा दिवसांत ती प्रथमच इतकी सरकत होती.

अतुल सरांनी वही पाहून मान हलविली. "गृहीतके वाचली का? सातत्य. दोन नगांमध्ये खंड चालत नाही. एकजिनसीपणा, सर्व नग सारखे पाहिजेत. आणि ग्राहक विवेकशील पाहिजे. मागच्या वर्षी पोरांनी घरी बसून आकडे लिहिले होते, म्हणून प्राचार्यांनी नियम केला आहे. ग्राहक विवेकशील असल्याचा दाखला जोडा. सहीशिक्क्यासह."

सुरभी डोळे पुसत घरी आली. विठ्ठलराव मात्र दाखल्यास भिणारे नव्हते. आयुष्यात त्यांनी नाना प्रकारचे दाखले काढले होते; हाही निघेल, अशा धीराने ते बुधवारी सकाळी तलाठ्याकडे गेले.

तलाठ्याने अर्ज दोनदा वाचला. "काका, मी उत्पन्नाचा देतो, रहिवासाचा देतो, हयातीचाबी देतो. हा विवेकाचा कोण्या नमुन्यात येते?"

"तेच तर इचारायले आलो."

"माणूस काय करते?"

"कास्तकार हाय. कापूस पेरते."

तलाठ्याने अर्ज अलगद परत सरकविला. "मंग त तुम्ही डॉक्टरकडेच जा."

डॉक्टर खासगी होते, सुशिक्षित होते, आणि त्या वेळी त्यांच्याकडे एकही रोगी नव्हता, कारण गावातील सर्व रोगी रांगेत होते. विठ्ठलरावांनी बळीरामजींना बंडीवरून उतरवून समक्ष नेले. बंडीपाशी तेवढ्यापुरते गावंड्यांच्या शेजारचे प्रेमसिंग उभे राहिले. हे एस. टी. चे निवृत्त कंडक्टर. रांगेवर त्यांचा जुना हक्क होता.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारले, "यंदा काय पेरलं होतं?"

"कापूस."

"मागच्या वर्षी?"

"कापूस."

"भाव मिळाला होता?"

"नाई, डॉक्टरसाहेब."

"मग येत्या वर्षी काय पेरणार?"

बळीरामजींनी जमिनीकडे पाहिले. "आता आमच्या वावरात दुसरं काय येते?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण घातले. विठ्ठलरावांनी हात जोडून पोरीचे हॉल तिकीट, नर्सिंग, मामाने आणलेले स्थळ हे सर्व एका दमात सांगितले. डॉक्टरांनी टोपण पुन्हा काढले आणि कागदावर लिहिले: 'सदर इसम बोलतो, चालतो व जेवतो.' खाली सही, शिक्का, तारीख. महाविद्यालयाच्या बाबूने तो कागद उजेडात धरून पाहिला, शिक्का अंगठ्याने घासून पाहिला आणि स्वीकारला. विवेकाची याहून कडक व्याख्या त्या कार्यालयास अपेक्षित नव्हती.

गुरुवारी दुसरा प्रयोग. या वेळी उणीव म्हणून ठेवायची नाही, असा विठ्ठलरावांचा निर्धार होता. जिनातून आणलेला लहान काटा त्यांनी चुलीजवळ टांगला आणि प्रत्येक पोळी तोलून घेऊ लागले.

"हे काय करून राह्यले तुम्ही?" विमलताईंचे उलथणे हवेत थांबले.

"एकजिनसीपणा."

"सव्वीस वर्षं झाली माझ्या लग्नाले. माझी पोळी काट्यावर नाई घातली कोणी आजपावतर."

"ही पाच ग्रॅम जड हाय. थोडा काठ कापून..."

"पोळी कापाची? इवायाच्या ताटातली?" एवढे बोलून विमलताईंनी तोंड मिटले ते मिटलेच. त्यानंतर पोळ्या येत राहिल्या, वजनाला तंतोतंत येत राहिल्या, परंतु त्या ताटात ठेवल्या जाण्याऐवजी पडू लागल्या.

बातमी पसरली होती. शेजारच्या पंचफुलाबाई, ज्यांच्या मताशिवाय त्या आळीत मूलही बाळसे धरीत नसे, चौकटीत येऊन बसल्या. रांग नीट लावून प्रेमसिंगही परतले होते.

"भाऊजी, पोळी कायले घेतली?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "ठेचा घ्याचा व्हता. दुसऱ्याच घासाले समाधान उतरलं असतं. पोरीचं काम झालं असतं आन् तूप वाचलं असतं."

"उणे दोन मांडाचं असन त मले बसवा," प्रेमसिंग म्हणाले. "बत्तीस वर्षं एस. टी. त काढली. मले कोणतीच गोष्ट दोनच्या वर गेलेली आठवत नाई."

बळीरामजी मांडी घालून बसले. पहिली पोळी, दहा. चौथी, दहा. भोवती माणसे जमली म्हटल्यावर सोयरिकीची अब्रू अधिकच जागी झाली होती. सहावी, दहा. सातव्या पोळीस त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला. आठव्या पोळीस त्यांनी एक हात पाठीमागे टेकविला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अकरा."

"अकरा?" सुरभीची पेन्सिल थबकली. "बडेबाबा, दहापैकी अकरा?"

"तुझ्या मायच्या हातचं हाय नं, बेटा."

विठ्ठलरावांचा धीर येथे सुटला. पुस्तक खोटे बोलणार नाही आणि काटाही खोटे बोलणार नाही. मग खोटे कोण बोलत होते, हे त्यांना उघड दिसत होते. ते व्याह्यांपुढे गुडघ्यांवर बसले. "इवाई, पाया पडतो तुमच्या. माझ्या पोरीचं आयुष्य टांगून हाय. एकदा, फक्त एकदा, खरं सांगा."

बळीरामजींनी सुरभीकडे पाहिले. तिच्या वहीकडे पाहिले. एका बाजूला देव्हाऱ्यापुढे दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला पोरीचे ओले डोळे. नववी पोळी त्यांनी कशीबशी गिळली आणि कोणालाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "आठ."

परंतु स्वयंपाकघरात ते ऐकू गेले. उलथणे तव्यावर पडल्याचा आवाज झाला. विमलताई दारात आल्या. चेहऱ्यावर ना राग, ना रडू. त्यापेक्षा वाईट काहीतरी.

"आठ पोळ्या गोड लागल्या. नवव्या पोळीत मी काय कालवलं, तेवढं सांगा."

"इनबाई, तसं नाई..." बळीरामजी उठण्याची धडपड करू लागले, पण नऊ पोळ्यांनी त्यांना उठू दिले नाही. "आमच्या गावात आठालेच दहा म्हणतेत..."

"आत्ता कसं बाहेर आलं," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या, आणि तेवढ्याने उरलेले सर्व संपले. प्रेमसिंगांनी बळीरामजींना हात देऊन उठविले. ते कोणाकडे न पाहता चपला पायात घालून निघून गेले. त्या सायंकाळी ते जेवावयास आले नाहीत. विठ्ठलराव डबा घेऊन रांगेत गेले, तर व्याही म्हणाले, "भूक नाई." ते खरेही असावे, परंतु ज्या सुरात ते म्हणाले, त्यात पोळ्यांचा काही संबंध नव्हता. डबा जसा गेला तसा परत आला आणि विमलताईंनी तो न उघडता फडताळात ठेवला.

आता स्थिती अशी होती. शनिवारला मध्ये एकच दिवस. वहीत आठ ओळी खोट्या आणि एक ओळ खरी, आणि त्या खऱ्या ओळीपायी दोन घरांचा संबंध पुन्हा तुटण्याच्या बेतात. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. विठ्ठलराव अंगणात बसून रिकाम्या काट्याकडे पाहत राहिले. एकोणतीस वर्षांत त्यांच्या काट्यावर कोणी वाद घातला नव्हता. कापूस तोलला जाई, आकडा सांगितला जाई, समोरचा मनुष्य मान हलवी. मान हलविणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे त्यांनी एकदाही विचारले नव्हते. तो त्यांचा विभागच नव्हता.

शुक्रवारी, नवव्या दिवशी, बळीरामजींच्या बंडीचा नंबर लागला. पुढची हकीकत प्रेमसिंगांनी आणली. प्रत निवडणाऱ्या साहेबाने ताडपत्री उचलली, कापसात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. आठ रात्रींचे दव होते. "ओल आहे, पिवळा पडला," एवढे बोलून त्याने सर्वांत खालची प्रत लिहिली आणि पुढल्या बंडीकडे वळला. या सर्वास एक पोळी खाण्याइतकाही वेळ लागला नाही.

दिवस मावळता मावळता बळीरामजी रिकामी बंडी घेऊन आले. बैल सोडले नाहीत. तसेच ओट्यावर बसले. गावी परतण्यापूर्वी सोयऱ्याच्या दारावरून तोंड न दाखविता जाणे त्यांना जमले नसावे. विमलताई आत गेल्या. तव्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने त्या ताट घेऊन आल्या. ताटात एकच पोळी, तिच्यावर घरातील उरलेले सारे तूप. काटा त्या वेळी अंगणात पडून होता आणि ती पोळी किती वजनाची होती, हे आजपर्यंत कोणास ठाऊक नाही.

बळीरामजींनी एक घास मोडला. तोंडात घातला. बराच वेळ तो तोंडातच राहिला. मग त्यांनी ताट हलकेच बाजूला सरकविले.

"सुरभी, वही आण."

"राहू द्या, बडेबाबा."

"आण म्हणतो नं. उद्या द्याची हाय नं तुले?" ती वही घेऊन आली. "लिही. शून्य."

सुरभीने वर पाहिले. विठ्ठलरावांनी मान खाली घातली. ज्या आकड्यासाठी त्यांनी चार दिवस जिवाचे रान केले होते, तो त्यांच्या ओट्यावर आपल्या पायांनी चालत आला होता, आणि त्यांना तो नको होता. विमलताई मात्र या वेळी दुखावल्या नाहीत. त्या व्याह्यांपासून हातभर अंतरावर, पदर सावरून, ओट्यावर बसल्या. "तिखट करून देते काही," त्या म्हणाल्या.

"नको, इनबाई. पोळी चांगलीच हाय. मलेच गोड लागून नाई राह्यली."

सुरभीने शनिवारी वही दिली. अतुल सरांनी आलेख पाहिला. सात पोळ्यांपर्यंत रेघ सपाट, आठव्या पोळीस किंचित चढ, नवव्या पोळीस उतार, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या घासाला ती कड्यावरून ढकलल्यासारखी सरळ तळाशी.

"असा आलेख नसतो. हळूहळू उतरतो. याचं कारण?"

"खाली लिहिलं हाय, सर."

खाली तिने सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'सिद्धांत खरा आहे, परंतु इतर परिस्थिती कायम राहिली नाही. तसेच पुस्तकात या सिद्धांताचे तीन अपवाद दिले आहेत : कंजूष, दारुडा व जुनी नाणी जमविणारा. प्रयोगांती चौथा अपवाद आढळला, तो म्हणजे व्याही.' सरांनी ते दोनदा वाचले, शिट्टी खिशात घातली आणि सही केली. हॉल तिकीट मिळाले.

मे महिन्याच्या अखेरीस निकाल लागला. अर्थशास्त्रात तिला पस्तीस गुण पडले, न एक कमी, न एक अधिक. विठ्ठलरावांनी गुणपत्रिका काट्यावर ठेवली नाही, एवढेच. जिनाचे फाटक पुन्हा उघडण्याचे लक्षण नव्हते. परंतु कन्येची पेटी यवतमाळच्या गाडीत चढणार होती, आणि मामाचे स्थळ मामाकडेच राहिले होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बळीरामजी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. पायांना वावरातली काळी माती होती. विमलताईंनी पोळी वाढली. पहिला घास मोडण्यापूर्वीच ते मोठ्याने म्हणाले, "दहा!" आणि स्वयंपाकघरातून बांगड्या वाजल्या.

हात धुताना मात्र त्यांनी विठ्ठलरावांना अंगणाच्या कोपऱ्यात ओढले.

"इवाई, तो डॉक्टरचा कागद हाय काहो तुमच्यापाशी?"

"झेरॉक्स हाय. काहून?"

बळीरामजींनी घराकडे पाहून आवाज उतरविला. "घरचे म्हणून राह्यले, माणूस भ्रमिष्ट झाला. तुमची उर्वशीबी त्यायच्याच बाजूनं. दाखवाले एक कागद असला त बरं." मग थोडे थांबून, "मुदत संपली असन काय त्याची?"

"यंदा काय पेरलं, इवाई?"

बळीरामजी एका पायाला मातीसकट चिकटलेली सरकी दुसऱ्या पायाने खरडू लागले.

विठ्ठलराव आत गेले. झेरॉक्स काढून त्यांनी चष्मा लावला आणि कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग बाहेर येऊन तो व्याह्यांच्या हाती ठेवीत म्हणाले, "मुदत नाई लिहिली यात."